जुनी सागरी शिडनौका : निवड, पारख व खरेदी

महासागर ओलांडू शकेल अशी, पण बरीच वर्षे वापरलेली शिडाची नौका पारखून विकत घेणे, हा युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवर चांगला रुळलेला व्यवहार आहे. या बाजारातल्या नौका बहुधा ३० ते ४५ फूट लांबीच्या, फायबरग्लासच्या आणि दोन-चार माणसांना महिनोन्‌महिने राहता येईल अशा असतात. नवी सागरी नौका ही श्रीमंतांची चैन. जुनी मात्र नोकरदार जोडप्याच्या साठवणीत बसू शकते. ठरलेली किंमत हा खर्चाचा पहिलाच हप्ता असतो. डागडुजीचा खर्च खरेदीच्या किमतीइतका होणे हे या व्यवहारात नवल समजले जात नाही.

पार्श्वभूमी : लाकडी नौका सांभाळली नाही तर कुजते, पोलादी नौका गंजते. फायबरग्लासचे धड (नौकेचे बाहेरचे कवच) मात्र पन्नास वर्षांनीही उभे असते आणि हा बाजार त्याच्याच जिवावर चालतो. १९५९ साली अमेरिकेत आलेली कार्ल अल्बर्ग यांच्या आराखड्याची पिअर्सन ट्रायटन ही अशा नौकांच्या घाऊक उत्पादनाची ठळक सुरुवात मानतात. नव्या पदार्थाची नेमकी ताकद कोणालाच ठाऊक नसल्याने त्या काळच्या कारखान्यांनी धडे चांगली जाड केली. पुढच्या खरेदीदारांना त्याचा फायदाच झाला.

जुन्या सागरी नौकांच्या घराण्याचा एक धागा मुंबईत आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ज्या ‘सुहैली’मधून १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. तिचा मूळ आराखडा विल्यम अ‍ॅटकिन यांचा आणि त्यामागची प्रेरणा कॉलिन आर्चर यांच्या नॉर्वेजियन बचावनौकांची. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात निघालेली वेस्टसेल ३२ याच वळणाची, फक्त फायबरग्लासमधली. वेस्टसेलची बरीच धडे कारखान्याने अर्धवट स्थितीत विकली आणि आतले सुतारकाम व वायरिंग गिऱ्हाइकांनी आपापल्या अंगणात केले. त्यामुळे एकाच साच्यातून निघालेल्या दोन वेस्टसेलपैकी एक कसबी सुताराने घडवलेली आणि दुसरी हौशी माणसाने कशीबशी जुळवलेली असू शकते. ‘सागरी’ म्हणून नावाजलेल्या नौकांच्या याद्या खरेदीदार पाठ करून येतात. त्यांचा उपयोग आहे, पण थोडाच.

निवड : जुन्या सागरी नौकांची कील (तळाखाली पाण्यात उतरणारा वजनदार कणा) लांब असते आणि सुकाणू तिच्या मागच्या कडेला जोडलेले असते. अशी नौका सरळ मार्ग धरते, तरंगत्या ओंडक्याचा किंवा जाळ्याचा धक्का सुकाणूला सहसा लागू देत नाही. मात्र बंदरात मागे घेताना तीच हटवादी होते. पुढच्या पिढीत आखूड कील आणि सुकाणूपुढे आधाराचा पंखा अशी रचना आली. रॉबर्ट पेरी यांची व्हॅलियंट ४० हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. आकाराच्या या चर्चेला १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनमधील शिडनौकांच्या सागरी शर्यतीनंतर धार चढली. ३०३ नौका निघाल्या होत्या, वादळात १५ स्पर्धक दगावले. सर्वांत लहान गटातून ‘असेंट’ ही एकच नौका शर्यत पुरी करू शकली. ती काँटेसा ३२ जातीची होती. यानंतर अमेरिकेत उलटण्याच्या धोक्याचा एक ढोबळ निकष रूढ झाला : नौकेची फुटांतली रुंदी भागिले, तिने सारलेल्या पाण्याच्या घनफुटांतील आकारमानाचे घनमूळ. उत्तर दोनच्या आत असावे. या सूत्रात वजन नौकेत कुठे आहे हे येतच नाही, म्हणून त्यावर फार विसंबू नये.

आकारापेक्षा इतिहास महत्त्वाचा. नुकतीच जगप्रदक्षिणा करून आलेल्या नौकेवरचे सामान कसाला उतरलेले, पण झिजलेले असते. वर्षानुवर्षे धक्क्याला बांधून ठेवलेली नौका चकचकीत दिसते आणि तिचे इंजिन न चालण्यानेच खराब झालेले असते. मालकाने लांबच्या सफरीसाठी पैसा ओतला आणि मग दुखणे, घटस्फोट किंवा मन बदलणे यांमुळे जी निघालीच नाही, ती सर्वांत फायद्याची. पावत्यांची जाड फाईल देणारा विक्रेता भेटला तर किमतीत थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

तपासणी : नौका पाण्याबाहेर काढून, स्वतःच्या खर्चाने नेमलेल्या सर्व्हेअरकडून तपासून घेतात. ब्रोकरने, म्हणजे विक्रीतल्या दलालाने, सुचवलेला सर्व्हेअर टाळलेला बरा. खरेदीदाराने त्याआधी स्वतः दिवसभर नौकेत घालवावा. सांदीकोपऱ्यांत, कपाटांमागे, तळाशी टॉर्च घेऊन जावे.

नवशिक्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती धडावर उठणाऱ्या फोडांची. फायबरग्लासमध्ये पाणी झिरपून आतल्या रसायनांशी मिसळते आणि वरचा थर फुगतो. दिसायला भयंकर, दुरुस्तीला महाग. पण एवढ्याने नौका बुडाल्याचे क्वचितच ऐकू येते. अपवाद पदार्थातल्या दोषाचा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९८१ पर्यंतच्या काही व्हॅलियंट नौकांत आग रोखणारे रेझिन (काचतंतू जोडणारी राळ) वापरल्यामुळे फोडांचा प्रश्न हाताबाहेर गेला आणि त्या नौकांची किंमत आजही त्याच कारणाने उतरलेली असते.

खरी दुखणी डेकमध्ये असतात. डेक, म्हणजे नौकेचा वरचा तक्ता, फायबरग्लासच्या दोन पापुद्र्यांचा असतो आणि मध्ये बहुधा हलक्या बाल्सा लाकडाचा थर. कठड्याचे खांब, दोर गुंडाळण्याची चक्रे, हॅच असे जे जे डेकला भोक पाडून बसवले, त्या प्रत्येक ठिकाणी पाणी आत जाऊ शकते आणि बाल्साचा लगदा होतो. सर्व्हेअर प्लॅस्टिकच्या हातोडीने वीत-वीत अंतरावर ठोकत जातो. मडके घेताना वाजवून पाहावे तसेच हे. टणक आवाज आला की पुढे, बद्द आला की खडूने खूण. खांबांच्या बुडाशी खुणांची बेटे तयार झाली, तर तो डेक वरून कापून नव्याने भरण्याच्या लायकीचा आहे असे समजावे. तैवानमध्ये बांधलेल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अनेक नौकांवर शोभेसाठी सागवानी पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या आहेत. शेकडो स्क्रू म्हणजे शेकडो भोके. त्यांतल्या काहींच्या तळाशी लोखंडी टाक्याही असतात. त्या गंजल्या की बाहेर काढण्यासाठी आतले फर्निचर तोडावे लागते.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा खाली ज्या पट्ट्यांना अडकवतात, त्या चेनप्लेट. डेकवरचा त्यांचा भाग लखलखीत असतो, कारण स्टेनलेस स्टील उघड्या हवेत टिकते. डेकच्या जाडीत ओल धरून राहिलेल्या, हवा न पोहोचणाऱ्या इंचभर भागात मात्र तेच पोलाद आतून खड्ड्याखड्ड्यांनी पोखरते. केबिनमध्ये त्या जागेखालच्या लाकडी फळीवर तपकिरी ओघळ दिसला, तर पट्टी बाहेर काढून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. काही नौकांत या पट्ट्या फायबरग्लासमध्येच गाडलेल्या असतात. तिथे पाहण्याचीही सोय नाही. तारांचे आयुष्य सर्वसाधारणपणे १० ते १५ वर्षे धरतात आणि विमा कंपन्याही त्यांचे वय विचारतात. वय सांगता आले नाही, तर नव्या तारांचा खर्च हिशेबात धरून मोकळे व्हावे.

समुद्राकडे उघडणाऱ्या व्हॉल्व्हना सीकॉक म्हणतात. ते काशाचे असतील तर उत्तम. पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते, धातू गुलाबी पडतो आणि बाहेरून धड दिसणारा सीकॉक एक दिवस हातात तुटून येतो. सुकाणू पोकळ असेल तर नौका बाहेर काढल्यावर तिसऱ्या दिवशीही त्यातून पाणी ठिबकते का, ते पाहतात.

इंजिनाची परीक्षा थंड असतानाच. म्हणून पोचल्या पोचल्या, बोलणे सुरू होण्याआधी, त्यावर हात ठेवून पाहावा. ते कोमट लागले तर विक्रेत्याने आधीच चालवून ठेवले आहे. निळा धूर तेल जळत असल्याचा, काळा इंधनाच्या अतिरेकाचा किंवा इंजिनावरच्या जादा ओझ्याचा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो, गरम झाल्यावर राहिला तर नाही.

व्यवहार : तपासणी व समुद्रावरील चाचणी समाधानकारक ठरेल या अटीवर बोली लावतात आणि बहुधा दहा टक्के रक्कम ब्रोकरकडे अनामत ठेवतात. सर्व्हेचा अहवाल हे किंमत उतरवण्याचेही हत्यार असते. कागदपत्रांत मालकीची साखळी, नोंदणी आणि युरोपात व्हॅट भरल्याचा पुरावा तपासावा. दुरुस्ती यार्डाची थकबाकी किंवा खलाशांचे पगार यांसारखा बोजा मालकावर न राहता नौकेवरच बसतो. मालक बदलला तरी तो सुटत नाही.

स्वस्त नौका सफरींच्या शेवटाला सापडतात. व्यापारी वाऱ्यांसोबत पॅसिफिक ओलांडून आलेली बरीच जोडपी न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियात पोचून नौका विकतात व विमानाने घरी जातात. कॅरिबियनमधील ग्रेनाडा व त्रिनिदादच्या यार्डांत असाच माल असतो. सामान प्रवासासाठी सज्ज मिळते. गैरसोय एवढीच, की खरेदीदाराचे घर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असते.

भारतीय संबंध : भारतीयांची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा १९८५-८७ मध्ये लष्कराच्या इंजिनिअर्सनी ‘तृष्णा’मधून केली. ही ब्रिटनमधून आणलेली, आधी वापरलेली स्वान ३७ जातीची फायबरग्लास नौका होती. पुढच्या मोहिमांच्या ‘म्हादेई’ व ‘तारिणी’ मात्र गोव्यात नव्या बांधल्या. जुन्या घडणीच्या नौकांना अलीकडे मान मिळाला तो गोल्डन ग्लोब शर्यतीच्या, म्हणजे ‘सुहैली’ने जिंकलेल्या एकट्याच्या विनाथांबा प्रदक्षिणेच्या शर्यतीच्या, २०१८ मधील पुनरुज्जीवनाने. तिच्या नियमानुसार ३२ ते ३६ फुटी, १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या, लांब कीलच्या नौकाच चालतात. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘सुहैली’च्या प्रतिकृतीतून, ‘थुरिया’तून, २०१८ साली या शर्यतीत उतरले, दक्षिण हिंदी महासागरात तिची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. पुढच्या खेपेस त्यांनी १९८० च्या आराखड्याची रस्टलर ३६ निवडली. २०१८ च्या शर्यतीतला विजेता याच जातीच्या नौकेवर होता. तिच्यातून ते एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. पहिल्या आलेल्या कर्स्टन नॉइशेफर यांची नौका केप जॉर्ज ३६ होती.