उष्णता नव्हे, ई. कोलायची पकड

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की घरोघरी कुणाची तरी तक्रार असतेच : लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटतं आणि होते थेंबथेंब. निदान शेजारपाजारीच उरकतात, ‘अंगात उष्णता झाली’. मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी. घामामुळे लघवी गडद होऊन थोडं जळजळतं, हे खरं. पण भरपूर पाणी पिऊनही थांबत नसेल, तर बहुधा कारण आपल्याच आतड्यातला ई. कोलाय हा जंतू. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, त्यामुळे मूत्राशय त्याला जवळ पडतं.

मूत्राशय दिवसातून कितीदा तरी धुतलं जातं, मग हा वाहून कसा जात नाही? त्याच्या अंगावर केसासारखे तंतू असतात. त्यांच्या टोकाचं फिमएच हे प्रथिन आपल्या पेशींवरच्या मॅनोज शर्करेला धरतं. फिमएचचे दोन भाग. एरवी मागचा पुढच्याला रेटून असतो, म्हणून पकड ढिली. जंतू सुटतो, पोहतो, नवी जागा धरतो. लघवीचा लोंढा आला की तंतू ताणला जातो, दोन्ही भाग दुरावतात आणि पुढच्या भागाची खोबण मॅनोजभोवती आवळते. सरफासच तो, ओढाल तितका घट्ट!

शरीरही कच्चं नाही. मूत्रपिंड यूरोमोड्युलिन नावाचं प्रथिन लघवीत सोडतं. त्यावरही मॅनोज असतं. फसलेला जंतू त्यालाच चिकटून बाहेर पडतो.

यावरूनच मॅनोजच्या पुड्या विकायला आल्या. तर्क झकास, पण ब्रिटनमध्ये सुमारे ६०० बायकांवर झालेल्या चाचणीत (२०२४) त्या फोल ठरल्या. जिंकलं साधं पाणी. वारंवार संसर्ग होणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या बायकांवरच्या २०१८च्या चाचणीत रोज दीड लिटर जादा पिणाऱ्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. सब्जालाही माझी हरकत नाही, त्यात पाणी असतंच. पण सीताबर्डीला खरेदीला जायचं, तिथं धड स्वच्छतागृह मिळेल की नाही, म्हणून घोटभरही न पिता निघणाऱ्या बाईला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

झालेल्या संसर्गाला मात्र औषध लागतं : बायकांच्या साध्या मूत्राशय-संसर्गावर बहुधा ५ दिवस नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिनचा एकच डोस, तोही डॉक्टरांना विचारून. मेडिकलमधून परस्पर आणलेली सिप्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडच्या ई. कोलायला बऱ्याचदा लागूच पडत नाही. हुडहुडी भरून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाई किंवा पुरुष रुग्ण असेल, तर गोळी सुरू करण्याआधी लघवी कल्चरला द्यावी. पाळी गेल्यावर वारंवार होत असेल, तर योनीत लावायचं इस्ट्रोजेन मलम उपयोगी पडतं. विचारायला लाजू नये. आणि काहीच त्रास नसलेल्या आजीच्या रिपोर्टात नुसते जंतू दिसले, तर सहसा गोळ्या लागत नाहीत.