नट उलटतो, मग पृथ्वी का उलटत नाही?

१९८५ साली सॅल्युत-७ या अवकाशस्थानकावर व्लादिमीर जानिबेकोव या सोव्हिएत अंतराळवीराने पंख असलेला एक नट स्क्रूवरून फिरवून सोडला. नट गरगरत पुढे तरंगला, अचानक उलटा झाला, थोडं पुढे जाऊन पुन्हा सुलटा झाला. कुणी हात लावला नव्हता. असे व्हिडिओ दाखवून ‘पृथ्वीही एक दिवस अशीच पालथी होणार’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ही निव्वळ भीती विकणं आहे. ती खोडून काढायला पदवीच्या वर्गातलं यामिकशास्त्र पुरतं.

आधी स्वतः करून पाहा. वहीला रबर लावून ती मिटलेली ठेवा. मुखपृष्ठ वर ठेवून डावी-उजवी कड दोन्ही हातांनी धरा आणि वही हवेत पूर्ण कोलांटी खाईल अशी उसळवा. झेलताना डावी कड बहुतेक वेळा उजव्या हातात आलेली असेल. लांबीच्या किंवा जाडीच्या अक्षाभोवती फिरवलीत तर असं होत नाही.

प्रत्येक वस्तूला परस्परांना लंब असे तीन मुख्य अक्ष असतात आणि प्रत्येकाभोवतीचं जडत्व, म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरणं बदलण्याला होणारा विरोध), वेगळं असू शकतं. ते सर्वांत कमी किंवा सर्वांत जास्त असेल तर फिरणं स्थिर राहतं. मधल्या अक्षाभोवती ते टिकत नाही; नट आणि वहीची कोलांटी याच अक्षाभोवतीची. पदवीच्या वर्गात ऑयलर या गणितज्ञाची फिरणाऱ्या वस्तूंची समीकरणं मांडून हे सिद्ध करतात: फिरण्यात किंचित चूक झाली, तर मधल्या अक्षाच्या बाबतीत ती चूक घातांकी वेगाने, म्हणजे पटीपटीने वाढते, बाकी दोघांच्या बाबतीत नुसती मागेपुढे हलते. बरोबर आहे, पण कारण दिसत नाही. ते पुढच्या भूमितीत दिसतं आणि या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे.

बाहेरून बल नाही, म्हणून कोनीय संवेग (अँग्युलर मोमेंटम) बदलत नाही. हा संवेग म्हणजे फिरण्याचा जोर आणि दिशा, तो बाणाने दाखवतात. त्याचा बाण अवकाशात स्थिर असतो, वस्तू त्याच्याभोवती वळते. आता वस्तूवरच बसून पाहा. तिथून बाण फिरताना दिसतो, पण त्याची लांबी तीच, म्हणजे त्याचं टोक एका गोलावरच राहणार. या गोलावर प्रत्येक ठिकाणची ऊर्जा हीच तिथली उंची समजा. कमी जडत्वाच्या अक्षाची दोन टोकं ही शिखरं, जास्त जडत्वाची दोन टोकं ही दऱ्यांचे तळ आणि मधल्या अक्षाची दोन टोकं या खिंडी. ऊर्जाही कायम असल्याने बाणाचं टोक समान उंचीच्या रेषेवरूनच चालू शकतं. शिखराजवळ आणि तळाजवळ अशा रेषा लहान वेटोळी असतात. टोक तिथेच घुटमळतं. खिंडीतल्या रेषा मात्र दूर निघून जातात आणि थेट पलीकडच्या खिंडीजवळ पोचतात. विरुद्ध टोक गाठलं, म्हणजेच वस्तू उलटली. १८३४ मध्ये प्वँसो या फ्रेंच गणितज्ञाने बल न लागता फिरणाऱ्या वस्तूंचं असंच भूमितीय चित्र मांडलं होतं.

प्रत्यक्षात वस्तू थोडी लवचीक असते. ती फिरताना आतल्या आत ऊर्जा उष्णतेत जाते, संवेग मात्र तेवढाच राहतो. म्हणजे उंची सतत घटते आणि शिखरही कायमचं सुरक्षित नसतं. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ (१९५८) लांबट, बारीक होता आणि लांबीच्या अक्षाभोवती फिरत ठेवला होता. त्याच्या लवचीक अँटेनांनी ऊर्जा खाल्ली आणि थोड्याच वेळात तो आडवा होऊन गरगरू लागला.

पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त. त्यामुळे ती ज्या अक्षाभोवती फिरते, त्याभोवतीच तिचं जडत्व सर्वांत जास्त आहे. ती दरीच्या तळाशीच आहे. ऊर्जा घटली तर ती तिथेच आणखी पक्की बसते.

तळाजवळचं लहान वेटोळं मात्र पृथ्वीच्या बाबतीतही खरं आहे. ऑयलरच्या गणिताप्रमाणे ताठ पृथ्वीच्या अक्षाने सुमारे ३०५ दिवसांत एक फेरा घ्यायला हवा. १८९१ मध्ये चँडलर या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाला तो फेरा निरीक्षणात सापडला, पण त्याला सुमारे ४३० दिवस लागत होते. हा फरक पडतो कारण पृथ्वी पूर्ण ताठ नाही: तिचं घन शरीर किंचित वाकतं आणि समुद्रही नव्या अक्षाप्रमाणे सरकतात.