बडोद्यात राहून कोकणातल्या नौकेवर नवी यंत्रं: परवाने, पात्रता आणि कागदपत्रं

हर्णैला आमची मासेमारी नौका आहे, मावसभावाच्या आणि माझ्या नावावर. बांधली २००७ साली. समुद्रावर तो जातो. कागद मी सांभाळतो, बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरून. १० जून २०२५ला, पावसाळी बंदीत नौका शाकारलेली असताना, केबिनमधला जुना जीपीएस सुरू केला तर पडद्यावर तारीख आली २५ ऑक्टोबर २००५. म्हणजे नौकेचं लाकूडही कापलं गेलं नव्हतं तेव्हाची.

जागा मात्र बरोबर दाखवत होता. जीपीएसच्या जुन्या पद्धतीच्या संदेशात आठवड्यांची मोजणी १०२३पर्यंतच जाते आणि मग शून्यावर येते. एप्रिल २०१९मध्ये ती शून्यावर आली, आणि ज्या यंत्रांचं सॉफ्टवेअर कुणी सुधारलं नव्हतं ती १०२४ आठवडे मागे गेली. तारीख चुकली की यंत्रातलं भरती-ओहोटीचं कोष्टकही चुकतं. म्हणून सगळंच बदलायचं ठरलं. यंत्रं निवडायला आम्हाला आठवडाही लागला नाही. कागदांना अख्खा पावसाळा लागला, आणि त्यातला निम्मा वेळ आमच्याच चुकीच्या क्रमामुळे गेला.

यंत्र नुसतं ऐकतं, की बोलतंही?

खरेदीची यादी करताना प्रत्येक यंत्रासमोर हा प्रश्न लिहा. जीपीएस आणि समुद्राच्या नकाशावर आपली जागा दाखवणारा चार्टप्लॉटर उपग्रहाचं फक्त ऐकतात. फिशफाइंडर पाण्यात आवाज सोडतो, रेडिओलहरी नव्हे. ही यंत्रं बिल घेऊन आणा आणि बसवा. त्यांना बिनतारी परवाना लागत नाही. पण व्हीएचएफ, म्हणजे बंदरावर ज्याला सगळे 'वायरलेस' म्हणतात तो सेट, नौकेची ओळख आणि जागा रेडिओवरून सतत कळवणारा एआयएस, रडार आणि संकटात आपोआप हाक देणारा ईपर्ब ही सगळी बोलणारी यंत्रं. बोलणारं प्रत्येक यंत्र त्या विशिष्ट नौकेच्या नावाशी कागदावर बांधलेलं असावं लागतं. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं बाळगण्यावरही आपल्याकडे १९३३च्या कायद्यापासून बंधन आहे.

एआयएस सगळ्यांनाच सक्तीचं नाही. २० मीटरहून लांब मासेमारी नौकांना ते बंधनकारक आहे. नौकेची लांबी अंदाजानं सांगू नका, नोंदणी प्रमाणपत्रावर असेल तीच धरा.

पाया म्हणजे नौकेची नोंदणी

यापुढचा प्रत्येक अर्ज नौकेच्या नोंदणी प्रमाणपत्रावर उभा राहतो. मासेमारी नौकेची नोंदणी आणि परवाना केंद्राच्या रिअलक्राफ्ट या ऑनलाइन व्यवस्थेतून होतो, तपासणी राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग करतो. नौका ज्या राज्याच्या बंदरात असते त्या राज्यातच हे काम होतं. मालक बडोद्यात राहतो म्हणून गुजरातच्या कार्यालयात अर्ज चालत नाही.

आणि इथेच आपल्यासारख्यांची गाडी अडते. बडोद्यात जन्म गेलेल्या मराठी माणसाच्या कागदांवर नावामागे 'भाई' चिकटलेलं असतं. माझ्या आधारवर 'सुरेशभाई' आहे आणि नौकेच्या खरेदीखतावर नुसतं 'सुरेश'. आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण कोकणातल्या कार्यालयात समोरच्या माणसाला ही दोन माणसं दिसतात, आणि त्याची चूक नाही. दिवाळीपुऱ्यातल्या न्यायालयाजवळ नोटरीकडे जाऊन दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. ते इंग्रजीत करा. गुजरातीतलं प्रतिज्ञापत्र घेऊन रत्नागिरीला गेलात तर भाषांतरासाठी परत यावं लागेल. शाळा सोडल्याचा दाखला किंवा दुसरा एखादा गुजराती कागद जोडायचा असेल तर त्याचंही प्रमाणित भाषांतर इथूनच न्या. भागीदारीतल्या नौकेत दुसऱ्या भागीदाराचं संमतिपत्र सहीनिशी आधीच तयार ठेवा.

नौका जुनी विकत घेतलेली असेल तर आधी मालकी हस्तांतरण पूर्ण करा. इंजिन बदललं असेल तर त्याचीही नोंद करून घ्या. मासेमारी परवान्याची मुदत आणि विमा चालू आहे का, हेही त्याच बैठकीत बघा.

बिनतारी परवाना

हा परवाना दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन शाखा देते. सगळे तिला डब्ल्यूपीसी म्हणतात. अर्ज सरल संचार या संकेतस्थळावर, त्यामुळे हे काम बडोद्यातल्या घरातून होतं. नौकेची नोंदणी, मालकाचं ओळखपत्र आणि पत्ता, आणि प्रत्येक बोलणाऱ्या यंत्राची कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, शक्ती आणि मंजुरीचा तपशील हाताशी घेऊनच अर्जाला बसा. अनुक्रमांक बिलावरून उतरवू नका, यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवरून उतरवा. आमच्या बिलात एक अंक उलटा पडला होता.

विक्रेत्याकडे बिनतारी यंत्रं बाळगण्याचा आणि विकण्याचा परवाना आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारा आणि त्याची प्रत मागा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या सेटच्या मोहात पडू नका. परवानगी नसलेल्या वॉकीटॉकींच्या अशा विक्रीविरुद्ध केंद्रानं २०२५मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाच काढल्या. असा सेट हाती आला तरी त्याला कागद मिळत नाहीत, आणि कागद नसलेला सेट तटरक्षक दलाच्या तपासणीत तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या, गळ्यात येतो.

आता सगळ्यात जास्त जपायची गोष्ट: एमएमएसआय. हा नऊ अंकी क्रमांक म्हणजे नौकेची रेडिओवरची ओळख. भारतीय नौकेचा क्रमांक ४१९नं सुरू होतो. तो सरकार देतं, विक्रेता नाही. आम्हाला एका विक्रेत्यानं 'सगळं भरून तयार' म्हणून एआयएस दिला. भावानं केबिनमध्ये तो लावला, मी माझ्या फोनवर नौका शोधली, आणि आमच्या जागी भलत्याच नावाची नौका उभी! क्रमांक दुसऱ्या कुणाचा तरी होता. उद्या आम्ही बुडालो असतो तर शोध त्या नौकेच्या मालकाच्या घरी सुरू झाला असता. हे आजही आठवलं की हातपाय गार पडतात. बहुतेक एआयएसमध्ये हा क्रमांक वापरणाऱ्याला एकदाच भरता येतो. चुकला तर यंत्र विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडे पाठवावं लागतं. आमचं गेलं, आणि महिना गेला. म्हणून यंत्र कोरं घ्या, क्रमांक कागदावर हाती आल्यावरच भरा, आणि भरताना दुसऱ्यानं मोठ्यानं वाचावा.

सरकारी मदत कुणाला

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या एकच समजतात. पहिली म्हणजे मोफत ट्रान्सपॉन्डर. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला या योजनेची सुरुवात झाली; १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचा संच बसवायचा आहे. तो उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश पोचवतो, मोबाइलला जोडून 'नभमित्र' ॲपवर वाचता येतो. मोबाइलची रेंज संपल्यावरही वादळाचा इशारा पोचतो, हे त्याचं खरं मोल. मागणी मत्स्यव्यवसाय विभागाकडेच करायची. नोंदणी आणि परवाना चालू नसेल तर विषय तिथेच थांबतो. हा संच एआयएसची जागा घेत नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी म्हणजे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतलं अनुदान, ज्यात संपर्क आणि माग काढणाऱ्या यंत्रांचा समावेश आहे. सर्वसाधारण गटाला मान्य खर्चाच्या ४० टक्के. अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६० टक्के. योजना मच्छीमारांसाठी आहे. बडोद्यात नोकरी करणाऱ्या भागीदाराच्या नावानं अर्ज करू नका. जो दर्यावर जातो त्याच्या नावानं करा, बँक खातंही त्याचंच. आणि मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी खरेदी करू नका.

ईपर्बची नोंदणी

ईपर्ब ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देतो. भारतात ती हाक बंगळूरच्या इस्रोच्या केंद्रात पोचते, आणि नोंदणीही तिथेच करायची असते. यंत्रावरचा ओळखसंकेत, नौकेचा तपशील, मालक आणि संकटकाळचे फोन नंबर द्यावे लागतात. परदेशातून आणलेला ईपर्ब दुसऱ्या देशाच्या संकेताचा असतो. तो भारतीय संकेतावर आणल्याशिवाय बसवू नका.

फोन नंबरच्या रकान्यात बहुतेक जण तांडेलाचा नंबर देतात. तांडेल त्या वेळी नौकेवरच असणार! तिथे जमिनीवरच्या माणसाचा नंबर हवा, रात्री फोन उचलणाऱ्याचा. आमच्या अर्जात पहिला नंबर माझा आहे, दुसरा वहिनीचा. तेव्हापासून माझा फोन रात्री सायलेंटवर नसतो.

बसवताना

जीपीएसची वायर व्हीएचएफला जोडली आहे ना, हे स्वतः बघा. ती नसेल तर संकटाचं लाल बटण दाबल्यावर हाक जाते, पण जागा जात नाही. जुन्या नौकेवर मिस्त्री ही जोडणी हमखास सोडतो, कारण तिच्याशिवायही सेट चालू दिसतो. सेटच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं, त्यामुळे तो होकायंत्रापासून लांब हवा. आमच्या केबिनमध्ये तो वीतभर अंतरावर लावला तेव्हा होकायंत्राची सुई डोळ्यांदेखत सरकली.

लाल बटण चाचणीसाठी दाबू नका. चुकून दाबलं गेलं तर सेट बंद करून गप्प बसू नका; संकटाच्या हाकेसाठी असलेल्या चॅनल १६वर नौकेचं नाव आणि एमएमएसआय सांगून हाक रद्द केल्याचं कळवा, आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४वरही सांगा. बोलण्याची तपासणी चॅनल १६ सोडून दुसऱ्या चॅनलवर, शेजारच्या नौकेशी, एक वॉटवर करा.

परवाने, बिलं आणि नोंदणीच्या प्रती प्लास्टिकमध्ये घालून केबिनमध्ये ठेवा. मूळ कागद घरी. आमचे बडोद्याच्या कपाटात आहेत, त्यांच्या मुदतीच्या तारखा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या.