महाभोपळ्याच्या मळ्यातील हिवाळी कामे
महाभोपळ्याच्या मळ्यातील हिवाळी कामे : स्पर्धेसाठी प्रचंड आकाराचे भोपळे पिकवणारे हौशी शेतकरी ऑक्टोबरमधील वजनस्पर्धा आटोपल्यापासून एप्रिलमध्ये नवे बी रुजत घालेपर्यंत जी कामे करतात ती. हा छंद मुख्यतः कॅनडा, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि युरोपात रुजला आहे. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, मळा बर्फाखाली जातो आणि बघणाऱ्याला वाटते की आता सुट्टी. प्रत्यक्षात वेलाला फळ धरते जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी आणि त्याची सगळी वाढ पुढच्या शंभरेक दिवसांत उरकते. भर वाढीत फळाचे वजन दिवसाला २० किलोहून जास्त वाढू शकते. त्या घाईत मातीतले उणेदुणे काढत बसायला सवड नसते आणि बी तर बदलताच येत नाही. म्हणून हे दोन्ही प्रश्न थंडीतच निकाली काढावे लागतात.

आपल्याकडे लाल भोपळा, डांगर किंवा काशीफळ म्हणतात त्याच कुळातले हे फळ. स्पर्धेतला वाण मात्र बहुधा एकच : ‘अटलांटिक जायंट’. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर येथे हॉवर्ड डिल यांनी तो निवडपद्धतीने घडवला आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्यापूर्वी विल्यम वॉर्नॉक यांचा १९०४ च्या सेंट लुइस प्रदर्शनातील ४०३ पौंडांचा (सु. १८३ किग्रॅ.) भोपळा १९७६ पर्यंत अजिंक्य होता. डिल यांच्या बियाण्यानंतर मात्र आकडे सुसाट निघाले. १९९६ मध्ये हजार पौंड आणि २०१२ मध्ये दोन हजार पौंड ओलांडले गेले; २०२३ मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर यांनी कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे २,७४९ पौंडांचा (सु. १,२४७ किग्रॅ.) भोपळा तोलला. २०२५ मध्ये इंग्लंडच्या पेटन बंधूंनी १,२७८.८ किग्रॅ. गाठून तो विक्रमही मोडला. विंडसरला तर अनेक वर्षे असले भोपळे पोखरून लोक त्यांत बसत आणि तळ्यात वल्हवण्याच्या शर्यती लावत. म्हातारीला लेकीच्या घरून परत आणणारा भोपळा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला याचे फारसे नवल वाटू नये.

पहिले काम सफाईचे. वेल, पाने, सडकी फळे मळ्यात राहू देत नाहीत. भुरी, मर अशा रोगांचे अवशेष त्यांतच टिकतात आणि भोपळ्याचा रस शोषणारे ढेकूण पाल्याखाली थंडी काढतात. पावलांनी माती दबू नये म्हणून हंगामभर अंथरलेल्या फळ्यासुद्धा उचलून कोरड्या जागी ठेवतात, कारण या किड्यांना तेवढा आडोसा पुरतो. वेल पोखरणाऱ्या अळीचे कोष मात्र जमिनीत काही सेंटिमीटर खोल असतात. गोठण्यापूर्वी माती उलथली की ते उघडे पडून थंडीने किंवा पाखरांच्या तोंडी जातात. महाराष्ट्रात उन्हाळी नांगरटीने कोष तापवतात, त्यातलेच हे तर्कशास्त्र. फक्त तिकडे उन्हाचे काम हिमाकडे.

त्यानंतर माती परीक्षण. मळ्यात दहा-पंधरा ठिकाणी १५ ते २० सेंमी. खोल माती काढून ती प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र कालवतात. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरली, तर अहवालात जस्ताचा आकडा फुगून येतो, हे बहुतेकांना एकदा फसल्यावरच कळते. सामू (मातीच्या आम्लतेचे माप, पीएच) ६.५ ते ६.८ च्या आसपास हवा असतो. तो खाली असल्यास चुना शरद ऋतूतच घालतात, कारण चुन्याला काम करायला महिने लागतात. सामू जास्त असल्यास गंधक घालतात; त्याचे आम्लात रूपांतर मातीतले जिवाणू करतात आणि थंड जमिनीत ते सुस्तावलेले असल्यामुळे गंधकाचा परिणाम दिसायला वसंत उजाडतो. शेणखत, कंपोस्ट आणि झाडांचा गळलेला पाला हेही याच वेळी मिसळतात. नुसता पाला कुजताना मातीतले नत्र (नायट्रोजन) ओढून घेतो, म्हणून त्याच्या जोडीला शेणखत लागते.

नवख्याची चूक सहसा खत कमी पडण्याची नसते. अहवालात काहीही येवो, दरवर्षी ट्रकभर शेणखत ओतायची त्याला हौस असते. नत्र पावसाने वाहून जाते. स्फुरद (फॉस्फरस) मात्र साचत राहते आणि पाचसहा वर्षांत इतके होते की जस्त, लोह यांसारखी सूक्ष्मद्रव्ये वेलाला मिळेनाशी होतात. प्लॅस्टिकच्या बोगद्याखाली पिकवणाऱ्यांकडे पाऊसच पोचत नसल्याने क्षारही साठतात; ते हिवाळ्यात आच्छादन काढून किंवा भरपूर पाणी सोडून धुवावे लागतात. अहवाल चांगला असेल त्या वर्षी काहीही न घालणे हे हिवाळ्यातले सर्वांत अवघड काम म्हणावे लागेल.

उघडी जमीन बर्फ वितळताना वाहून जाते, म्हणून ऑक्टोबरमध्ये हिवाळी राय पेरतात. हे तृणधान्य थंडीला दाद देत नाही, उरलेले नत्र मुळांत धरून ठेवते आणि वसंतात गाडले की हिरवळीचे खत होते. परसातला मळा एकच असल्याने पिकाची फेरपालट बहुतेकांना परवडत नाही. तेव्हा बेवड (आधीच्या पिकाचा मातीवर राहणारा परिणाम) बिघडू नये म्हणून काहीजण मोहरीही घेतात : फुलावर आलेली मोहरी बारीक चिरून लगेच मातीत मिसळली, की तिच्यातून सुटणारी तिखट वाफ काही बुरशींना मारक ठरते.

बियांचे काम स्पर्धेनंतर काही दिवसांतच सुरू होते. फळ कापून आत हात घालून बिया ओरपून काढतात. कधी काही बियांना आतच मोड आलेले निघतात, म्हणजे फळ जास्त दिवस ठेवले गेलेले असते. गर धुऊन बिया जाळीवर एकेरी पसरतात आणि वर पंखा सोडतात. शेगडीजवळ घाईने वाळवल्या तर टरफल तडकते. प्रत्येक बीला फळाचे नाव मिळते : पौंडांतले वजन, मालकाचे आडनाव आणि वर्ष. ‘२००९ वॉलेस’ हे गाजलेले नाव वाचून पुष्कळांचा गोंधळ होतो. त्यातले २००९ हे साल नव्हे, वजन आहे. ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांचा तो भोपळा २०१२ चा. फळ तडकले असेल किंवा काट्यावर न चढता नुसते मोजले गेले असेल, तर तसा शेरा नावापुढे येतो.

नावाला वंशावळ जोडलेली असते : आधी आई, मग परागकण देणारा बाप. फुले हाताने परागित करून बांधून ठेवतात, त्यामुळे वंशावळ खात्रीने सांगता येते. हिवाळ्याच्या लांबलचक रात्री या वंशावळी ताडून पाहण्यात जातात. मोठ्या फळाचेच बी घ्यावे असे नाही. घेर आणि वरून घेतलेली दोन मापे यांची बेरीज करून तक्त्यावरून वजनाचा अंदाज काढतात. ज्याचे खरे वजन अंदाजापेक्षा जास्त भरले, त्या जाड गराच्या फळाच्या बियांना मागणी अधिक. जानेवारीपासून भोपळा पिकवणाऱ्यांच्या मंडळांच्या बैठका आणि बियांचे लिलाव सुरू होतात. न्यू इंग्लंड, ओहायो व्हॅली, सेंट क्रॉय ही त्यांतली नावाजलेली मंडळे. तरीही पुष्कळसे बी फुकटच फिरते : आपला पत्ता आणि तिकिटे लावलेला मऊ अस्तराचा लिफाफा पाठवायचा, तो दोन-तीन बिया घेऊन परत येतो.

बाकीची कामे सामानाची. पाण्याच्या नळ्या आणि फवारणीचे पंप रिकामे न केल्यास आतले पाणी गोठून ते फुटतात. फळ उचलण्याचे पट्टे आणि कडी तपासतात, रोपांवरचे छोटे बोगदे शिवतात. गेल्या हंगामाची वही काढून परागीकरणाची तारीख आणि रोजची वाढ पुन्हा पाहतात. वाढ कोणत्या आठवड्यात मंदावली आणि तेव्हा पाणी, ऊन, खत यांचे काय चालले होते, हे तिथे सापडते.

एप्रिलच्या मध्यावर निवडलेल्या बियांच्या कडा पॉलिशपेपरने हलकेच घासतात. मूळ निघते ते टोक मात्र घासायचे नाही. मग त्या तास-दोन तास कोमट पाण्यात भिजवून ३० अंश सेल्सियसच्या आसपासच्या उबेत ठेवतात. बाहेर मळ्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात तेव्हा कधी कधी बर्फ शिल्लक असतो.