माणिकबाग इंदुरात, नकाशे कुठे?

इंदुरात माणिकबागेच्या आवारात आज केंद्र सरकारच्या कर खात्याची कचेरी भरते. 1930 ते 1933 या काळात हा राजवाडा दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी बांधून घेतला. ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची ओळख बर्लिनचे वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याशी झाली. मुथेसियस तेव्हा पंचविशीतले, महाराज त्यांच्याहून चार वर्षांनी धाकटे. दोन तरुणांनी मिळून ठरवलं की घुमट नको, कमानी नकोत. सरळ रेषा, धातू आणि काच. दिव्यांपासून कितीतरी वस्तू मुथेसियस यांनी स्वतः आखल्या, बरंच सामान युरोपात तयार होऊन जहाजाने आलं. गालिचे इव्हान द सिल्वा ब्रून्स यांचे, खुर्च्या-टेबलांत रुलमान आणि आयलीन ग्रे यांची नावं.

या घराचे नकाशे पाहायचे म्हणून मी एका परदेशी संग्रहालयाला पत्र लिहिलं होतं. ‘इंदूरच्या राजवाड्याचे नकाशे पाहायचे आहेत’ एवढाच मजकूर. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं : क्रमांक कळवा. तेव्हा वाईट वाटलं. पण त्या एका ओळीमागे जवळजवळ दोनशे वर्षांची रीत आहे, आणि ती कळल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही.

नकाशा इमारतीजवळ राहत नाही, काढणाऱ्याच्या टेबलाजवळ राहतो. युरोपात वास्तुविशारदाच्या कचेरीतले कागद बहुधा त्याच्याकडेच राहत, आणि तो गेल्यावर वारस किंवा शिष्य ते एखाद्या संस्थेला देत. लंडनची ब्रिटिश वास्तुविशारदांची रॉयल इन्स्टिट्यूट 1834 साली निघाली आणि अशा देणग्यांतूनच तिचा संग्रह वाढत गेला. 2004 साली तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या भागीदारीत अभ्यासकांना खुला झाला. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचं वास्तुकला संग्रहालय 1886 चं. माँट्रियलचं कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चर त्या मानाने कालचं, 1979 चं. पण चंदीगडवर काम करणाऱ्याला तिथे जावंच लागतं, कारण चंदीगड घडवणाऱ्या वास्तुविशारदांपैकी एक, पिएर जानरे यांचे कागद तिथे आहेत. या संस्थांच्या सूच्या गावाच्या नावाने लागत नाहीत, माणसाच्या किंवा कचेरीच्या नावाने लागतात. ‘इंदूर’ टाकून काही सापडलं नाही, तर नकाशा नाही असा अर्थ होत नाही. आमचा गांधी हॉल घ्या. 1904 चा, मूळचा किंग एडवर्ड हॉल. त्याचा माग काढायचा तर मुंबईचे वास्तुविशारद स्टीव्हन्स यांच्या नावापासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडची वाट निराळी. इथे नकाशा दरबाराच्या बांधकाम खात्याच्या दप्तरात जाई आणि दप्तर राज्याबरोबर फिरे. 1948 मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, 1956 मध्ये राजधानी भोपाळला गेली. ब्रिटिश रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार सेंट्रल इंडिया एजन्सीच्या कागदांत, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचं त्यातल्या त्यात बरं झालं. त्यांचा इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल 1918 साली होळकर सरकारच्याच छापखान्यात छापला गेला, म्हणून तो ग्रंथालयांतून मिळतो. त्यांचे स्वतःचे कागद मात्र स्कॉटलंडमध्ये, स्ट्रॅथक्लाइड आणि एडिंबरा विद्यापीठांत आहेत.

आमच्या मल्हारगंजातल्या घराचा एक निळा नकाशा माझ्याकडे आहे, आजोबांच्या पेटीतला. घडीवर कागद भुरभुरतो, पांढऱ्या रेषा कडेला पिवळसर झाल्यात, कोपऱ्यात ओव्हरसियरची तिरकी सही. ही निळी छपाई इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 साली शोधून काढली. लोखंडाचे क्षार लावलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्याने धुवायचं; ऊन लागलं तिथे निळं, रेषेच्या सावलीत पांढरं. हा निळा उजेडाने फिकटतो, अंधारात ठेवला तर थोडाफार परततोही. अल्कधर्मी कागदाशी त्याचं वैर. जुने दस्तऐवज टिकावेत म्हणून वापरतात ती अल्कलीयुक्त पाकिटं याला मारक ठरतात. हे मला फार उशिरा कळलं. तोवर नकाशा वर्षभर खिडकीसमोर फ्रेममध्ये लटकत होता. वाचनकक्षात अंधुक दिवा, पेनाला मज्जाव आणि फक्त पेन्सिल, हे नियम बघून चिडणाऱ्याला मी हीच गोष्ट सांगते.

आणि म्हणूनच क्रमांक. मोठे नकाशे सपाट, रुंद खणांत आडवे ठेवलेले असतात. एक काढायचा तर वरचे सगळे हलवावे लागतात, आणि प्रत्येक हाताळणीत कडा झिजतात. आधी सूची वाचायची, प्रत्येक नकाशाचा क्रमांक उतरवून घ्यायचा, स्कॅन असेल तर आधी तो मागायचा आणि मूळ कागद का हवा ते दोन ओळींत लिहायचं. कागदाची जात, मोजपट्टीची खूण, पेन्सिलीने केलेली दुरुस्ती बघायची असेल तर तसं स्पष्ट लिहावं. अशा कारणाला सहसा नकार येत नाही. भेटीची वेळ ठरवूनच जावं.

माणिकबागेचं सामान 1980 साली मोनॅकोत लिलावात गेलं. मुथेसियस 1989 पर्यंत हयात होते. 2019 मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने महाराजांवर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा या घराचा पसारा पुन्हा एका छताखाली आला, पण ते छत इंदूरचं नव्हतं. मला त्याची खंत आहे.

महाराजांना शिल्पकार ब्रांकुसी यांच्याकडून इंदुरात एक ध्यानमंदिरही हवं होतं. ब्रांकुसी यांची पक्ष्याची तीन शिल्पं महाराजांनी आधीच घेतली होती. त्यातली संगमरवरी दोन आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. 1937 च्या अखेरीस ब्रांकुसी स्वतः इंदूरला येऊन गेले, पण मंदिर झालं नाही. त्यांनी आपला स्टुडिओ फ्रान्स सरकारच्या नावे केला, तो आता पॉम्पिदू सेंटरकडे आहे. इंदुरात जे कधी उभंच राहिलं नाही, त्या मंदिराचा अर्ज तिकडे ब्रांकुसी यांच्या नावाने करायचा.