नमुना पाहणी: कोणतं घर निवडायचं आणि किती दिवसांचं विचारायचं

कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची घरनघर पाहणी करून १९१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या ग्रामीण सामाजिक संशोधनाची सुरुवात इथून धरायला हरकत नाही. जुन्या दप्तरांचा आधार घेत त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये गावात सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका शेतकऱ्याकडची जमीन, ४० एकर होतं, ते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आलं. आकडा आजही उद्धृत होतो. पण तो एका गावाचा आकडा आहे, आणि तेही पुणे-खडकीच्या मजुरीवर विसंबलेल्या गावाचा. मान यांना हे कळत होतं. म्हणूनच पुढचा अभ्यास त्यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासोबत शहरापासून लांब, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक इथे केला. तरीही दोन गावांवरून जिल्हा कळत नाही. गावं कितीही बारकाईने पाहिली तरी ती कशी निवडली, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर इंग्लंडात तयार होत होतं. संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांनी १९१२ मध्ये रेडिंग शहरात सगळी घरं न पाहता साधारण वीसात एक घर घेतलं, म्हणजे नमुना घेतला. निष्कर्षापेक्षा महत्त्वाची होती ती शिस्त: यादीत आलेलं घर सोयीसाठी बदलायचं नाही.

नमुन्याच्या आकाराबद्दल अजूनही एक गैरसमज पक्का आहे, की लोकसंख्या मोठी असेल तर नमुनाही त्याच प्रमाणात मोठा हवा. तसं नसतं. निव्वळ यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी निवड असेल, तर ९५ टक्के खात्रीने अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत उत्तर मिळवायला सुमारे ३८४ माणसं पुरतात, मग तालुका असो की राज्य. मात्र चूक निम्म्यावर आणायची तर नमुना चौपट लागतो. आणि एकाच गावातली दहा घरं दहा वेगळ्या गावांतल्या घरांइतकी माहिती देत नाहीत, कारण पाऊस, बाजार, मजुरीचा दर सगळ्यांचा एकच असतो. त्यामुळे कमी गावांत जास्त घरं घेण्यापेक्षा जास्त गावांत थोडी घरं घेणं बरं. प्रवासखर्च वाढतो, ही त्यातली खरी अडचण.

गावातली निवड वरवर सोपी दिसते. घरांची यादी करायची. २४० घरं असतील आणि १२ हवी असतील तर अंतर २०. एक ते वीसमधला यादृच्छिक आकडा घ्यायचा, समजा ७, आणि मग ७, २७, ४७ असं पुढे जायचं. पहिली चूक यादीतच होते. ग्रामपंचायतीच्या नोंदीवरून यादी उतरवली की गावकुसाबाहेरची पालं, शेतातल्या वस्त्या आणि एका दाराआड वेगळ्या चुली असलेली कुटुंबं गळतात. गळतात ती बहुधा गरिबांची. दुसरी चूक चाळीत होते: प्रत्येक मजल्यावर २० खोल्या असतील आणि अंतरही २० असेल, तर दर वेळी जिन्याजवळची तीच खोली येते. तिसरी सगळ्यात जास्त घडते. निवडलेल्या घराला कुलूप, म्हणून पाहणी करणारा शेजारच्या उघड्या दाराशी बसतो. बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर असं केलं तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं नमुन्यातून उडतात आणि गावाचं उत्पन्न कागदावर आपोआप वाढतं.

कलकत्त्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांना १९३७ पासून बंगालच्या तागाच्या पाहण्या करताना हाच अनुभव आला: नमुन्यामुळे होणारी चूक गणिताने मोजता येते, माणसामुळे होणारी येत नाही. त्यांनी काढलेला तोडगा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत हुशार वाटतो. एकाच भागासाठी दोन स्वतंत्र नमुने काढायचे आणि दोन वेगळ्या चमूंकडे सोपवायचे. दोघांच्या आकड्यांत नमुन्याच्या हिशेबाला न पटणारा फरक पडला, की कोणाच्या तरी माहिती भरण्यात गडबड आहे असं समजायचं. हीच नमुन्याची पद्धत देशभर नेणाऱ्या राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी ऑक्टोबर १९५० मध्ये १,८३३ गावांत सुरू झाली. तिच्या क्षेत्रकामाचा एक वाटा पुण्याच्या गोखले संस्थेने उचलला होता.

घर बरोबर निवडलं तरी काय विचारायचं हा गुंता उरतो. गेल्या ३० दिवसांत तेल किती लागलं, असं विचारलं तर माणूस काही खरेदी विसरतो. ७ दिवसांचं विचारलं तर दहा दिवसांपूर्वीची पिशवीही आठवड्यात ओढतो. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये रोजचं धान्य प्रत्यक्ष मोजून दोन्ही मुदती पडताळल्या गेल्या. आठवड्याचे आकडे चढे आले, महिन्याचे मोजमापाच्या जवळ होते. म्हणून राष्ट्रीय नमुना पाहणीत पुढची चाळीसेक वर्षं ३० दिवस ठरले. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांचा १९७१ चा गरिबीचा प्रसिद्ध हिशेब याच पाहणीच्या आकड्यांवर उभा आहे.

१९९४ ते १९९८ या काळात याच पाहणीत दोन प्रकारच्या प्रश्नावल्या वेगवेगळ्या घरांत वापरून पाहिल्या. अन्नासाठी ७ दिवसांची मुदत धरली की खर्चाचा आकडा चढून गरिबांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येत होतं! मग १९९९-२००० च्या फेरीत मोठी चूक झाली. ७ आणि ३० दिवसांचे रकाने शेजारी शेजारी ठेवून एकाच घराला दोन्ही विचारलं. सांगणारा एका उत्तराशी दुसरं जुळवून घेऊ लागला, दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकले. त्या फेरीवरून गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचं सांगितलं गेलं. त्यातली खरी घट किती आणि रकान्यांची किमया किती, यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडले.

२००९-१० पासून वस्तूप्रमाणे मुदत बदलणारी प्रश्नावलीही आली: भाजी, फळं, अंडी, मासे, तेल ७ दिवसांचं, धान्य ३० दिवसांचं, कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू वर्षभराच्या. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ च्या उपभोग-खर्च पाहणीत प्रश्नावलीचे तीन भाग करून एकाच कुटुंबाकडे वेगवेगळ्या महिन्यांत तीनदा जायचं ठरलं. एका बैठकीत शेकडो वस्तू विचारल्या की शेवटच्या पानांवर लोक कंटाळून ‘नाही’ म्हणत सुटतात, हे त्यामागचं कारण. त्यामुळे २०११-१२ आणि २०२२-२३ चे खर्च सरळ वजा करून निष्कर्ष काढणाऱ्याने या दोन प्रश्नावल्या आधी शेजारी ठेवून वाचाव्यात.