कर्ता म्हणजे मालक नव्हे

‘कर्ता’ हा शब्द व्याकरणात आणि हिंदू कुटुंबाच्या कायद्यात, दोन्हीकडे पारिभाषिक आहे. या दोन अर्थांची सरमिसळ वर्तमानपत्रांतील कायदेविषयक सदरांपासून गावातल्या खरेदी-विक्रीच्या बैठकीपर्यंत इतकी रुळली आहे, की ती चुकीची आहे याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे.

व्याकरणातला कर्ता सर्वांनी शाळेत पाहिलेला आहे, त्यामुळे त्याच्यासाठी फार जागा अडवण्याचे कारण नाही. क्रिया करणारा तो कर्ता. ‘वाऱ्याने दार उघडले’ या वाक्यात वारा कर्ता आहे, त्याला दार उघडायचे होते की नाही हा प्रश्न व्याकरण विचारत नाही. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते म्हणून कर्म काही कर्ता होत नाही, एवढे तरी परीक्षेच्या मार्गदर्शकांनी नीट छापावे. पाणिनीने ‘स्वतन्त्रः कर्ता’ एवढ्या दोन शब्दांत व्याख्या संपवली. पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवायचे ते इतकेच, की हे कर्तेपण वाक्यापुरते असते आणि काहीतरी केल्यावाचून ते मिळत नाही.

कायद्यातला कर्ता याच्या नेमका उलट आहे. तो हिंदू एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक असतो; हे त्याचे स्थान आहे, कृती नव्हे. सर्वसाधारणपणे सर्वांत ज्येष्ठ सहदायाद, म्हणजे जन्मानेच कुटुंबाच्या मिळकतीत हिस्सा मिळालेल्यांपैकी वयाने मोठा असलेला सदस्य, कोणी न नेमता कर्ता होतो, आणि बाकीच्यांची संमती असेल तर धाकट्यालाही कर्ता होता येते. त्याने एक पैसा कमावलेला नसला तरी बिघडत नाही. ‘घरातला कर्ता पुरुष गेला’ असे आपण कमावत्या माणसाबद्दल म्हणतो ते बोलीत ठीक आहे, परंतु त्याच अर्थाने एखादा कमावता पुतण्या ‘घर मी चालवतो, तेव्हा कायद्याने कर्ता मीच’ असे म्हणू लागतो, तेव्हा तो तिसराच अर्थ कायद्यात घुसडत असतो. गावी बसलेला त्याचा थोरला काका कर्ता असू शकतो. मुळात कुटुंबाची सामाईक मिळकतच नसेल, तर काका आणि पुतण्या दोघांनाही कर्ता म्हणून सांभाळण्यासारखे काही उरत नाही.

खरा घात मात्र याच्याही पुढच्या समजुतीने होतो, आणि ती म्हणजे कर्ता हाच मालक. महाराष्ट्रात या समजुतीला सातबाऱ्याने खतपाणी घातले. वडील वारल्यावर सगळ्या भावांची नावे लावण्याऐवजी थोरल्या एकट्याचे नाव लावून त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, किंवा ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, असे लिहिण्याची पद्धत होती. ही अक्षरे ‘हा इसम इतरांच्या वतीने आहे’ एवढेच सांगतात. पण पिढी उलटली की थोरल्याच्या मुलांना ती दिसेनाशी होतात, धाकट्याच्या मुलांना ती कोणी दाखवत नाही, आणि कुठे कुठे उताऱ्याच्या पुनर्लेखनात ती चक्क गळून पडतात. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, त्याने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही. तरीही ‘उताऱ्यावर नाव त्याचेच आहे’ हे वाक्य शेवटचा पुरावा असल्याच्या थाटात फेकले जाते. अशा जमिनीत ज्याला व्यवहार करायचा आहे त्याने चालू उताऱ्यावर न थांबता ती नोंद ज्या फेरफाराने, म्हणजे उताऱ्यावरील बदलाच्या नोंदीने, झाली तो फेरफार आणि त्या वेळची वारसनोंद काढून पाहावी, कारण बाकीच्या हिस्सेदारांची नावे तिथे सापडतात.

मालक नसूनही कर्त्याला मिळकत विकता येते, आणि इथेच चांगले वाचणारेही अडखळतात. ‘सर्वांच्या सह्या नाहीत म्हणून विक्री आपोआप रद्द’ हे जितके चूक, तितकेच ‘कर्त्याने विकले म्हणजे संपले’ हेही चूक. मिताक्षरेने, म्हणजे हिंदू कुटुंबाच्या कायद्याचा आधार मानल्या गेलेल्या जुन्या टीकाग्रंथाने, आपत्काल, कुटुंबाचे हित आणि धर्मकार्य ही तीन निमित्ते सांगितली आणि न्यायालयांनी त्यांनाच कायदेशीर गरज व मिळकतीचा लाभ असे रूप दिले. अशा निमित्ताने केलेली विक्री सर्वांवर बंधनकारक होते, मग त्यांनी सही केलेली असो वा नसो. निमित्त नसेल तर ती आव्हान दिल्यावर टिकत नाही, आणि गरज होती हे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर येतो. विक्री होण्याआधीच मनाई हुकूम घेऊन कर्त्याला थांबवावे, ही अनेकांची पहिली धाव असते. परंतु 1988 साली सुनीलकुमार विरुद्ध राम प्रकाश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहदायादाला तसा सरसकट हक्क नाकारला आणि विक्री झाल्यावर तिला आव्हान देण्याचा मार्ग दाखवला. म्हणजे पाणिनीच्या शब्दात सांगायचे तर निर्णय घेण्यापुरता हा कर्ताही स्वतंत्र आहे, फक्त तो निर्णय स्वतःच्या लाभासाठी घेण्याची त्याला मुभा नाही.

राहिला प्रश्न स्त्रियांचा. 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने सहदायाद नसलेली विधवा कर्ता होऊ शकत नाही असे ठरवले, आणि त्या काळी कोणतीच स्त्री सहदायाद नव्हती. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यातील 1994 च्या दुरुस्तीने, तोवर अविवाहित असलेल्या मुलींपुरते, हे बदलले. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या कायद्याने मुलगी मुलासारखीच जन्मतः सहदायाद ठरली. मुलगी सहदायाद असेल आणि ज्येष्ठ असेल तर ती कर्ता का नाही, याचे समर्पक उत्तर कोणाकडेच नव्हते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला आणि 2023 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो कायम ठेवला. पत्नी आणि सून मात्र लग्नाने कुटुंबात येतात, त्यामुळे त्या कुटुंबाच्या सदस्य असतात, सहदायाद नव्हे. नवरा गेल्यावर सगळा संसार ओढणारी विधवा अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलांची पालक म्हणून व्यवहार करू शकते, पण त्याने ती कायद्यातली कर्ता होत नाही.